पत्रिकेची जाडी

सबनीससरांना लग्नाची पत्रिका दिली की ते ती उघडत नाहीत. आधी नाकाशी नेऊन वास घेतात, मग दोन बोटांत धरून वाकवून बघतात, आणि मग शर्टाच्या खिशातून व्हर्नियर काढून तिची जाडी मोजतात.

"दीड," ते म्हणतात. "घडीसकट दीड मिलिमीटर. उत्तम! अभिनंदन!"

पत्रिका ड्रॉवरमध्ये जाते. लग्न कुणाचं, कधी, कुठल्या हॉलवर, हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही. लग्नाला ते आवर्जून जातात, फक्त दिवस चुकतो. एकदा आमच्या स्टोअरकीपरच्या लग्नाला म्हणून डोंबिवलीच्या एका हॉलवर गेले, भलत्याच नवऱ्यामुलाच्या हातात पाकीट दिलं, मठ्ठ्याची तारीफ केली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन म्हणाले, "बायको छान आहे हो तुमची." स्टोअरकीपरच्या लग्नाला अजून आठवडा होता.

अकाउंटंट कुलकर्ण्यांनी मुलीची पत्रिका दिली तेव्हा तर व्हर्नियरकडे बघून सरांचा चेहराच पडला. "पाऊण? कुलकर्णी, एकुलती एक मुलगी ना तुमची?"

कुलकर्ण्यांनी ते अजून विसरलेलं नाही.

हा माणूस चक्रम आहे असं मलाही पहिल्या दिवशी वाटलेलं. मी प्रतीक्षा भोईर, राहणार आंबिवली. आमच्या घरात, आमच्या भावकीत, इंजिनियर झालेली पहिली मुलगी. हे मी सगळीकडे सांगते आणि इथेही सांगणार. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हापासून ते रिक्षा चालवतात. त्या रिक्षेच्या मागे 'आई एकवीरा प्रसन्न'च्या खाली त्यांनी 'बी. ई. मेकॅनिकल' असं रंगवून घेतलंय. लोकांना वाटतं रिक्षावालाच बी. ई. आहे. ते कुणाला दुरुस्त करत नाहीत.

तर मानपाड्याच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी. काम भट्ट्यांच्या अस्तराचं. अस्तर म्हणजे भट्टीच्या आतून लावतात ती उष्णता सोसणाऱ्या विटांची भिंत. पण हे घरोघर समजावणं कठीण. मला बघायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांना आईने "मुलगी अस्तराचं काम करते" असं सांगितलं, तर मुलाची आई म्हणाली, "अय्या, मग फॉल-पिको पण करत असेल!"

आमचं मोठं काम म्हणजे कोक थंड करायची भट्टी. दगडी कोळसा भाजून कोक करतात. तो लालभडक बाहेर येतो. पूर्वी त्यावर पाणी ओतायचे, आता बंद भट्टीत वरून कोक सोडतात आणि खालून नायट्रोजन फिरवतात. कोक थंड होतो आणि त्याची उष्णता वाया न जाता वीज करायला मिळते. आईला हे कधीच पटलं नाही. "थंड करतं ती भट्टी कशी? तो तर फ्रिज झाला."

ह्या फ्रिजच्या मध्यावर एक जागा आहे. तिथे गरम वायू बाहेर पडायला गोल रांगेत खिडक्या असतात आणि दोन खिडक्यांच्या मधे विटांचे खांब. त्या खांबात प्रत्येक वीट खालच्या विटेपेक्षा थोडी पुढे सरकलेली, जुन्या देवळात छज्ज्याखाली टोडे असतात ना, तशी. वरची अख्खी भिंत त्या टोड्यांच्या खांद्यावर. समोरून कोक घासत उतरतो, बाजूने तापलेली धूळ मारा करते. सर त्यांना 'थोरल्या सुना' म्हणायचे. "डोक्यावर सगळं घर, समोर धग, आणि तडा गेला की म्हणायचं, सूनच वाईट."

आमच्या थोरल्या सुना तडकत होत्या. पूर्वेकडच्या एका पोलाद कारखान्यात सरांनीच डिझाइन केलेली भट्टी. दर मोठ्या दुरुस्तीला उघडली की टोड्यांना तडे. कारखान्याने ह्या वेळी स्पष्ट सांगितलेलं, पुन्हा तडकले तर दुसरी कंपनी बघू. आमच्या मालकांचं म्हणणं एकच. "सबनीस, वीट भारी घाला ना. सबसे भारी. पैसा मी बघतो."

"वीट भारीच आहे शेठ," सर म्हणायचे. "तिला जागा नाही."

'जागा' हा सरांचा मंत्र. तापली की वीट फुगते. चहूबाजूंनी गच्च बांधली तर फुगणार कुठे? स्वतःलाच फोडते. म्हणून दोन विटांच्या मधे फट ठेवावी लागते. पण बांधताना फट मोकळी सोडली तर मिस्त्री तिच्यात विटा जोडायचा मसाला कोंबतो. म्हणून फटीत पुठ्ठा घालून बांधायचं. भट्टी तापायला लागली की पुठ्ठा जळून जातो आणि त्याच्या जाडीची जागा मागे राहते. मग वीट आरामात फुगते.

आता कळलं ना पत्रिका कशासाठी? बाजारातला पुठ्ठा दमट हवेत फुगतो, जाडी एकसारखी नसते, असं सरांचं मत. "लग्नाच्या पत्रिकेसारखा पुठ्ठा नाही. लोक पोरांच्या लग्नात कंजुषी करत नाहीत. कुलकर्णी सोडून."

ही 'जागा' मग ते सगळीकडे शोधायचे. डबा खायला बसलो की दोन डब्यांत बोटभर अंतर. कपाटात फायली गच्च भरल्या की "अहो, श्वास घेऊ द्या त्यांना!" कुणी रजा मागितली की मालक "कशाला?" विचारायचे आणि सर पलीकडून ओरडायचे, "फुगायला!" आणि सगळ्यांना 'अहो'. शिपायाला अहो, मला अहो, विटेलाही अहो. हातात वीट घेऊन बोटाने टिचकी मारायचे, कानाशी न्यायचे आणि म्हणायचे, "काय हो, आवाज बसलाय तुमचा. आतून चिरलात का?"

निवृत्तीला थोडा काळ उरलेला असताना त्यांनी टोड्यांचं अस्तर नव्याने आखलं. विटेची जात बदलली नाही, आकार बदलला. एका विटेला जीभ, शेजारणीला खाच, म्हणजे खाली घसरायची भीती नाही. आणि प्रत्येक टोड्याच्या पाठीशी बेतशीर फट, म्हणजे तापल्यावर मागे सरकता येईल. "हात धरायचे, गळा नाही," ते मला ड्रॉइंगवर पेन्सिल टेकवून म्हणाले. त्यांची इच्छा एकच होती. नोकरीत एकदा तरी त्या भट्टीचे टोडे अखंड बघायचे.

पण भट्टीत उतरून काम करून कोण घेणार? डॉक्टरांनी सरांच्या छातीत स्टेंट घातलेला, उंच शिडी बंद. सर म्हणाले, "भोईर जातील."

भोईर म्हणजे मी. भोईरांचे वडील म्हणाले, "नाय."

पुढच्या रविवारी सर आंबिवलीला आमच्या दारात. हातात पेढे, पण स्टीलच्या डब्यात. खोका त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतलेला, हे मी ओळखलं. आत येताना त्यांनी सवयीने भिंतीवर टिचकी मारली, कान लावला आणि बाबांना म्हणाले, "प्लास्टर सुटलंय हो तुमचं."

अशी सुरुवात झाल्यावर काय होणार!

"सायेब," बाबा म्हणाले, "पोरगी एकटी एवढ्या लांब. आनी भट्टीच्या आत उतरायचं म्हंजे काय खायचं काम हाय का?"

"नाही. मीच गेलो असतो, पण चढता येत नाही."

"मंग दुसरा कोन नाय तुमच्याकडं?"

"आहेत ना. ते भिंत बघतात. भोईर फट बघतात."

बाबांना ही तारीफ आहे का शिवी, कळेना. सर आमच्या दाराकडे बघत होते. "हा दरवाजा पावसाळ्यात अडकतो का?"

"अडकतो. लाथ घालावी लागतं."

"चौकटीत जागा सोडली नाही. लाकूड फुगणारच. पोरीचं तसं करू नका."

बाबा विचारात पडले. "म्हंजे पोरीला लाथ घालावी लागंल?"

आत आई एवढी हसली की चहा उतू गेला. त्या उतू गेलेल्या चहावर माझी परवानगी निघाली. अट एकच, रोज फोन. सरांनी जाताना रिकामा स्टीलचा डबा मागून घेतला आणि दाराच्या कडेवरून बोट फिरवत बाबांना सांगितलं, "रंधा मारून घ्या इथे. थोडाच."

मी पत्रिकांची पेटी घेऊन गेले. शेकडो लग्नं एका पेटीत. भट्टी म्हणजे आतून केवढी तरी विहीर, मधे पाळणा बांधलेला, त्यावर उभं राहून मिस्त्री लोक बांधतात. मुख्य मिस्त्री रामधनी, पांढऱ्या मिशांचा, हात असा की वीट ठेवली की पुन्हा हलवायची गरज नाही. मी त्यांना फट दाखवली, पत्रिका कशी सरकवायची दाखवलं. पहिले टोडे माझ्यासमोर झाले. मग मला खाली स्टोअरमध्ये विटा तपासायला जावं लागलं.

परत वर आले तर काम सुरेख झालेलं. फारच सुरेख. रांगेतल्या बऱ्याच टोड्यांच्या पाठीशी फट दिसतच नव्हती. गुळगुळीत मसाला.

"मिस्त्रीजी, पत्रिका?"

रामधनीने पाळण्याच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. धुतलेल्या पंच्यावर पत्रिकांची चळत, वर एक झेंडूचं फूल.

"मैडम, सब पर गणेशजी हैं," तो हात जोडून म्हणाला. "भगवान को दीवार में कैसे चुन दें? और ऊपर से आग लगाएँगे! हमसे पाप नहीं होगा। हमने मसाले से बढ़िया भर दिया।"

मी एक पत्रिका उचलली. 'श्री गणेश प्रसन्न', सोनेरी गणपती. दुसरी, लाल गणपती. तिसरीवर मोदकासकट. एवढ्या वर्षांत हे आमच्या ऑफिसात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

कारखान्याचा साहेब म्हणाला, राहू द्या मसाला, वीट नवीन आहे, चालून जाईल, तोडायला वेळ नाही. मी सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मिस्त्रींचं बरोबर आहे," सर म्हणाले. "चूक माझी. मी पत्रिका वाचतच नाही ना. मला गणपती दिसलाच नाही."

"सर, आता काय करू? साहेब म्हणतात राहू द्या. तोडलं तर उशीर, मालक ओरडतील. नाही तोडलं तर..."

नाही तोडलं तर काय, हे मी त्यांना काय सांगणार! त्यांची शेवटची भट्टी होती ती. "तोडा" एवढंच त्यांनी म्हणायचं होतं.

"भोईर," ते म्हणाले, "तिथे तुम्ही उभ्या आहात. मी नाही. तुम्ही ठरवा."

आणि त्यांनी फोन ठेवला. मला आधी रागच आला. मग मी त्या गुळगुळीत मसाल्यावर टिचकी मारली. आमच्या दाराचा पावसाळ्यातला आवाज आठवला. मी साहेबांना म्हटलं, "तोडायचं." ते ओरडले, मीही आवाज चढवला. रिक्षावाल्याची मुलगी आहे, आवाजात कमी नाही. शेवटी ते "तुमच्या जबाबदारीवर" असं म्हणून निघून गेले.

मग आम्ही कात्र्या मागवल्या. रामधनी, त्याची माणसं आणि मी, भट्टीच्या तोंडाशी मांडी घालून बसलो आणि प्रत्येक पत्रिकेतला गणपती कापून बाजूला काढला. कुणाचा कुलस्वामी, कुणाची तुळजाभवानी, कुणाचा खंडोबा, सगळे सुखरूप बाहेर. उरलेल्या पत्रिका, म्हणजे मुहूर्त, हॉलचा पत्ता आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं', फटीत गेल्या. रामधनीने आता स्वतःच्या हाताने एकेक सरकवली. "शादी जल जाए तो चलेगा," तो म्हणाला, आणि सगळा पाळणा हसला.

उशीर झालाच. परत आल्यावर कुलकर्ण्यांकडून कळलं, मालक फोनवर तासभर सरांवर तापलेले. आणि सरांनी सांगितलेलं, "तोडायला मी सांगितलं. भोईर नको म्हणत होत्या."

मी तरातरा त्यांच्या टेबलापाशी गेले. "सर, तुम्ही कुठे सांगितलं? मी ठरवलं!"

"ठरवलंत तुम्हीच. ते खरं." ते एका खोक्याचं झाकण मोजत होते. "पण भट्टी तापताना मधे पुठ्ठा लागतो हो. त्याचं काम जळायचं."

कापलेले गणपती मी पिशवीत घालून घरी आणलेले. सर म्हणाले, विसर्जन रीतसर झालं पाहिजे. बाबा म्हणाले, खडवलीला नदीवर जाऊ, रिक्षा हाय. मग एका सकाळी सर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून नदीत उभे, शेजारी बाबा, आणि मी काठावर पिशवी धरून. सर एकेक मूठ सोडत होते आणि प्रत्येक मुठीला "क्षमा असावी" म्हणत होते. पलीकडे कपडे धुणाऱ्या बायका थांबून बघत होत्या.

बाहेर येऊन पाय पुसताना बाबांनी सहज विचारलं, "सायेब, तुमच्या पोराचं लगीन झालं का?"

"झालं. ठाण्यातच असतो."

"मंग त्याची पत्रिका जाडजूड आसंल!"

"पत्रिका मोबाईलवर आली. पीडीएफ." सरांनी व्हर्नियर खिशातून काढला, उघडला, मिटला. "ह्याच्यात बसेना."

बाबा आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं.

"मी त्याला फार गच्च बांधला, भोईर," सर म्हणाले. ह्या वाक्यातले भोईर म्हणजे बाबा. "शाळा मी ठरवली, कॉलेज मी ठरवलं, नोकरीसुद्धा. शास्त्र सगळं पाठ होतं. विटांचं."

बाबांनी त्यांच्या चपला उचलून त्यांच्या पायापाशी ठेवल्या. आमचे बाबा कुणाच्या चपलेला हात लावत नाहीत.

सर निवृत्त झाले. आम्ही शाल-नारळ दिला. त्यांनी शालीचा खोका मोजला. पुढे भट्टी पुन्हा दुरुस्तीला उघडली तेव्हा मी गेले. टॉर्च घेऊन पाळण्यावरून अख्खी फेरी मारली, मग उलटी मारली. प्रत्येक टोड्यावर टिचकी मारून कान लावला. काळे पडलेले, कडा झिजलेल्या, पण सगळे खणखणीत बोलत होते. भट्टीच्या तोंडाशी येऊन फोन लावला.

"सर, एकही तडा नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "बरं," ते म्हणाले. "सुनांना विचारलंय म्हणून सांगा."

त्याच सालात माझं लग्न ठरलं. मुलाच्या आईला अस्तर म्हणजे काय ते नीट समजावून सांगितल्यावर. पहिली पत्रिका देवाला, दुसरी सरांना, असं बाबांनीच ठरवलं. आम्ही डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो. सरांनी वास घेतला, वाकवली, व्हर्नियर लावला.

"दोन!" ते बाबांकडे बघून जवळजवळ ओरडलेच. "दोन आहे हो, भोईर!"

"मंग! एकच पोर हाय," बाबा म्हणाले.

उघडली नाहीच. सरळ टेबलाच्या खणात. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी डोळ्यांनीच नको म्हटलं.

आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी. मांडव, बेंजो, सगळं गाव. हळदीच्या दिवशी दुपारी मंडपवाला खुर्च्या मांडत होता आणि मी हाताला मेंदी लावून बसलेले, तेवढ्यात बाहेरून ओळखीचा आवाज. "अहो, एवढ्या चिकटून नका मांडू. माणसं बसणार आहेत, विटा नाहीत!"

सर. इस्त्रीचा झब्बा, हातात पाकीट. लग्न समजून आलेले. दिवस चुकलेला.

"या सायेब!" बाबा हळदीच्या हातानेच धावले. "बरं झालं आलात. तुमी नसता आलात तर आमी काय केलं आसतं? तुमचं काम आजच सुरू."

"माझं काय काम?"

बाबांनी खिशातून पत्रिका काढली, उघडली आणि खाली बोट ठेवलं. सरांनी चष्मा वर केला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना पत्रिका वाचताना बघत होते. आमच्या पत्रिकेत खाली निमंत्रकांची भली मोठी रांग असते, काका, मामा, आत्याचे यजमान, सगळी भावकी. कुणाचं नाव राहिलं तर भांडणं होतात. त्या रांगेत थोरल्या मामाच्या आणि धाकट्या काकाच्या मधे छापलेलं, 'श्री. सबनीससाहेब, डोंबिवली'.

सरांचं बोट त्या ओळीवर थांबलं. "हे... हे कुणी घातलं इथे?"

"मीच," बाबा म्हणाले. "छापताना तेवढी जागा सोडाया सांगितली होती."

सरांनी पत्रिका मिटून खिशात घातली. ड्रॉवर जवळ नव्हता म्हणून असेल. मग व्हर्नियर काढून बाबांच्या हातात दिला, जसा कुणी कामाला लागताना घड्याळ काढून देतो तसा, आणि मांडवाच्या दाराशी जाऊन उभे राहिले. निमंत्रक दारात उभे राहतात, एवढं त्यांना माहीत होतं.

पहिली माणसं यायला लागली. कुणाला ते ओळखत नव्हते, त्यांना कुणी ओळखत नव्हतं. सरांनी दोन्ही हात जोडले.

"या, या," ते म्हणत होते. "आत या. भरपूर जागा आहे."